आभाळातलं पुरळ

माझ्या मावशीला स्टुडिओत कुणी नावाने हाक मारत नाही. तिचं नाव ‘अगंबाई’ पडलंय, कारण त्याशिवाय तिचं वाक्य सुरूच होत नाही. ‘अगंबाई, ढग आले.’ ‘अगंबाई, सोमवार.’ ‘अगंबाई, फोन वाजतोय, कुणाला काय झालं असेल?’ फोन बहुतेक वेळा चुकून लागलेला असतो, पण तोपर्यंत मावशीने दोन-चार नातेवाईक मनातल्या मनात दवाखान्यात भरती केलेले असतात आणि त्यांना भेटायला कोणत्या बसने जायचं हेही ठरवलेलं असतं.

घरातून निघताना ती कुलूप लावते, ओढून बघते, जिना उतरते आणि शेवटच्या पायरीवर थांबते.

‘मी ओढून बघितलं ना गं?’

‘बघितलंस.’

‘तू बघितलंस, मी बघितलेलं?’

‘बघितलं.’

‘मग तुझा आवाज असा का येतोय?’

आणि परत वर. आमच्या दाराची कडी चोरांनी नाही, मावशीने तोडलीय. ओढून ओढून.

काका याच्या उलट. ते अँब्युलन्स चालवतात. रस्त्यावर त्यांच्यासाठी सगळं शहर बाजूला होतं, पण घरी आल्यावर चहाचा कप टेबलावरून तोंडापर्यंत जायला मध्ये बराच काळ जातो. त्यांचं सगळं बोलणं एका शब्दात मावतं: ‘होईल.’ नळ गळतोय? होईल. माझा निकाल उद्या आहे? होईल. एकदा मावशी म्हणाली, ‘अहो, तुमचा सदरा उलटा आहे,’ तेव्हाही ते ‘होईल’च म्हणाले. मी कॉलेजसाठी या दोघांकडे राहते, आणि माझे कान दिवसभर या दोन टोकांमध्ये झोके घेत असतात.

मावशी जिथे काम करते तिथे एचिंग छापतात. म्हणजे काय, हे तिने सांगितलं की ऐकणाऱ्याला अपघाताची बातमी ऐकल्यासारखं वाटतं. ‘जस्ताची प्लेट घ्यायची, चांगली धडधाकट. तिच्यावर काळा लेप द्यायचा, मेणासारखा. मग चित्रकार येतो आणि सुईने तिला ओरबाडतो. जिथे ओरबाडलं तिथे लेप गेला, धातू उघडा पडला. आणि मग तिला ॲसिडमध्ये बुडवायची, बिचारीला. ॲसिड उघडा भाग खातं. झाकलेला खात नाही. म्हणजे खाऊ नये. खाल्लं तर संपलं सगळं.’ पुढचं ती जरा शांतपणे सांगते, कारण तिथे ॲसिड नसतं: लेप धुवायचा, खाल्लेल्या रेघांमध्ये शाई भरायची, वरवरची पुसून टाकायची, ओलसर कागद ठेवायचा, वर जाड ब्लँकेटं, आणि प्रेसचं चाक फिरवायचं. कागद उचलला की चित्र.

ती तिथे मुळात फरशी पुसायला आणि ब्लँकेटं धुवायला लागली होती. तेव्हा ॲसिडच्या खोलीत एकामागून एक शूर माणसं येऊन गेली होती. त्या शूर माणसांनी मास्तरांचे शर्ट आणि खिडकीची चौकट जाळली होती, आणि एकाने तर स्वतःची भुवई. मास्तर म्हणजे स्टुडिओचे मालक. त्यांनी एकदा बघितलं की फरशी पुसणारी ही बाई जाता-येता ॲसिडच्या बरणीचं झाकण घट्ट आहे का ते बघतेय, दारापर्यंत जाऊन परत येऊन बघतेय, बाहेर जाऊन खिडकीतून बघतेय. ‘या बाईला आत घ्या,’ ते म्हणाले. तेव्हापासून त्या खोलीत काही जळलेलं नाही.

म्हणजे मास्तर ‘या बाईला आत घ्या’ असं स्पष्ट म्हणाले नसणार. त्यांच्या दातांत कायम एक पेन्सिल असते, आडवी, आणि ती धरून ठेवायला ओठ मिटता येत नाहीत. त्यामुळे ओठ मिटून म्हणायची सगळी अक्षरं त्यांनी बोलण्यातून काढून टाकलीत. ‘लेट आण’ म्हणजे प्लेट आण. ‘कागद हिजव’ म्हणजे भिजव. नवीन माणसाला काही कळत नाही, जुन्यांना सगळं कळतं. पेन्सिल तोंडातून निघाली की मात्र जुने-नवे सगळे हातातलं काम सोडून उभे राहतात. मागे एकदा ती निघाली होती. छापणाऱ्या एका माणसाने कुणाच्या तरी प्लेटवरची एक रेघ न विचारता जरा खोल केली होती, चांगलं दिसेल म्हणून. मास्तरांनी पेन्सिल काढली आणि म्हणाले, ‘प्लेट चित्रकाराची. आपण छापणारे. निघा.’ पेन्सिल परत दातांत गेली आणि तो माणूस दाराबाहेर. मावशीने ही गोष्ट आम्हाला इतक्या वेळा सांगितलीय की काका झोपेतसुद्धा ‘निघा’च्या जागी मान हलवतात.

पुढे मावशी छापायलाही शिकली. प्लेटवरची शेवटची शाई कापडाने नाही, तळहाताने पुसतात. हाताला खडूची पूड लावायची आणि अलगद, गालावरून हात फिरवल्यासारखा फिरवायचा. मावशीचा तळहात स्टुडिओत सगळ्यांत चांगला. एकच अडचण. काळजी वाटली की त्याला घाम येतो, आणि ओल्या हाताने पुसलं की चित्रावर ढग उठतात. म्हणून छपाई चालू असताना तिला कुणी कसलीच बातमी देत नाही. एकाचं लग्न मोडलं, तर त्याने हिची छपाई संपेपर्यंत थांबून मग सांगितलं.

आणि तिला डाग बघवत नाही. कसलाही. लेप कुठे पातळ लागला असेल तर ॲसिड तिथून चोरून आत शिरतं आणि नको तिथे बारीक खड्डे पाडतं. छापल्यावर ते काळे ठिपके दिसतात. स्टुडिओत त्याला ‘पुरळ’ म्हणतात. स्टुडिओच्या सरावाच्या प्लेटांवर पुरळ दिसलं की मावशी बर्निशर घेऊन बसते. बर्निशर म्हणजे गुळगुळीत पोलादी दांडा, त्याने घासून घासून धातू सपाट करतात. घरीही तेच. काचेवरचा डाग, काकांच्या बुटावरचा डाग. मी लहान असताना माझ्या गालावरचा तीळ तिने ओल्या रुमालाने इतका घासला की गाल सुजला. ‘निघत कसा नाही गं हा?’ शेवटी आई धावत आली. ‘अगं, तो तिचा आहे!’

तर, चित्रकार. म्हातारे, उंच, वाक्य अर्धं सोडून खिडकीबाहेर बघणारे. ‘म्हणजे… म्हणजे बघा… तसं…’ आणि पुढचं आपलं आपण समजून घ्यायचं. ते प्लेट घरीच करायचे, ॲसिडमध्ये घरीच बुडवायचे आणि छापायला मास्तरांकडे पाठवायचे. या वेळी त्यांनी एका गच्चीचं चित्र पाठवलं. खाली कठडा, एक आडवी दोरी, दोरीवर एकच शर्ट, आणि वर नुसतं आभाळ. मोठं आभाळ. मास्तरांनी स्वतः एक प्रूफ, म्हणजे चाचणीची प्रत, काढून त्यांना बघायला पाठवलं आणि मग मास्तर लेकीकडे गेले. जाताना मावशीला म्हणाले, ‘लेट धुऊन, गुंडाळून ठेव.’

मावशीने प्लेट धुतली. उजेडात धरली. आणि बघते तर काय. आभाळभर पुरळ.

ती नंतर मला म्हणाली, तेव्हा तिला ‘निघा’वाला माणूस आठवला नाही असं नाही. आठवला. पण त्याने रेघ बदलली होती. ही रेघ थोडीच होती? हा तर डाग. लग्नाला निघालेल्या माणसाच्या खांद्यावर सूत दिसलं तर आपण विचारून उचलतो का? म्हातारा माणूस, हात आता पहिल्यासारखा चालत नाही, लेप पातळ लागला असेल, बिचाऱ्याला कळलंही नसेल. उद्या प्रदर्शनात लोक नावं ठेवतील. तिने तेलाचा थेंब टाकला, बर्निशर घेतला आणि बसली. एकेक ठिपका, अलगद. संध्याकाळी आभाळ आरशासारखं झालं. तिने प्लेट गुंडाळून फळीवर ठेवली आणि गुणगुणत घरी आली.

मावशी गुणगुणत होती. काकांनी कप खाली ठेवला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. खरं तर तेव्हाच आम्हाला कळायला हवं होतं.

मास्तर परत आले त्या दिवशी चित्रकारांचा फोन आला. मास्तरांचे हात शाईने भरलेले, म्हणून त्यांनी कोपराने स्पीकर लावला. मावशी दुसऱ्याच कुणाच्या तरी प्लेटवर हात फिरवत होती.

‘म्हणजे मास्तर… ते प्रूफ… भिंतीवर लावलंय मी. रोज बघतो.’

‘हं.’

‘ते वरचे ठिपके… म्हणजे मी करायला नव्हतो गेलो. त्या दिवशी हात इतका थरथरत होता ना… लेप कुठे लागला, कुठे नाही. बाहेर काढली तेव्हा म्हटलं, गेली प्लेट. आणि आता… म्हणजे ते ठिपके आहेत म्हणून आभाळ आहे. नाहीतर नुसता कागद.’

‘हं.’

‘आणि आता गोळ्या सुरू झाल्यात. हात थांबला बघा. घरचे खूश आहेत. पण ते आता… म्हणजे परत नाही यायचं माझ्याकडून.’

‘ठिके… छान आहेत ठिके,’ मास्तर पेन्सिलीआडून म्हणाले. पुढच्या आठवड्यात येऊन चित्रकार ‘पास’ देणार असं ठरलं. पास म्हणजे चित्रकाराने समोर बसून मान्य केलेली पहिली प्रत. बाकीच्या सगळ्या प्रती तिच्याशी ताडून छापायच्या.

मावशीचा हात प्लेटवर होता तिथेच राहिला. उचलला तेव्हा खाली पाच बोटांचं तळं झालं होतं.

त्या दिवशी घरी आल्यावर तिने चप्पल निघाली तिथेच सोडली, पर्स टेबलावर ठेवली, गॅस बघितला नाही, दार ओढून बघितलं नाही. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. ‘मावशी, काय झालं?’

तिने सगळं सांगितलं. एकदाही ‘अगंबाई’ न म्हणता. मला घाम फुटला.

काकांनी कप बाजूला सरकवला. ‘सांगून टाक,’ ते म्हणाले.

‘सांगितलं की मास्तर पेन्सिल काढणार.’

‘काढू दे.’

‘आणि “निघा” म्हणणार. मी कुठे निघू? मला दुसरं काय येतं? झाकणं बघायला कोण ठेवणार आहे मला? आणि ते जाऊ दे. त्या माणसाचं काय? त्याच्या हातून आता ते होणार नाही, आणि माझ्या हातून गेलं. परत कुठून आणू?’

काका ‘होईल’ म्हणणार होते. मला त्यांच्या ओठांवर दिसला तो शब्द. पण गिळला त्यांनी.

सकाळपर्यंत मावशीने तोड काढली होती: ठिपके परत करायचे. जसे होते तसे. कुणाला कळणार नाही. तिला ते पाठ होते. घासताना एकेकाशी ओळख झाली होती. मूळ प्लेटला हात लावण्याआधी सराव करायचा म्हणून तिने भंगारातल्या प्लेटा घरी आणल्या. घरी त्यावर पातळ लेप द्यायचा आणि स्टुडिओत जेवणाच्या सुट्टीत ॲसिडमध्ये बुडवून बघायच्या.

पहिली प्लेट तिने संध्याकाळी टेबलावर ठेवली. काका वाकून बघत राहिले.

‘छान,’ म्हणाले. ‘बटणं का?’

ठिपके एकसारखे गोल, एकमेकांपासून सारख्या अंतरावर, शाळेच्या मैदानात कवायतीला उभे केल्यासारखे. मावशीने लेप इतका नीट लावला होता की ॲसिडला आत शिरायला फट नव्हती. म्हणून तिने सुईने फटी पाडल्या होत्या. आणि सुई हातात आली की ती नीटच चालणार. दुसरी प्लेटही तशीच. तिसरीत तिने मुद्दाम वेडंवाकडं केलं आणि ते मुद्दाम केल्यासारखंच दिसलं.

‘मला निष्काळजीपणा येतच नाही गं,’ ती रडवेली होऊन म्हणाली.

मग शिकवणी सुरू झाली. मी तिला काका करून दाखवले. काका चावी कशी ठेवतात: ठेवत नाहीत, हात नुसता उघडतात, चावी पडेल तिथे पडते. काका भात वाढून घेतात तेव्हा अर्धा कसा ताटाबाहेर राहतो. काका खरे बाजूलाच बसले होते आणि ‘मी असा नाही करत’ म्हणून पाणी सांडत होते. ‘बघ, असं,’ मी म्हटलं, ‘ब्रश बुडव आणि विसर. दुसरीकडे बघ.’ मावशीने ब्रश बुडवला, छताकडे बघितलं, हात सैल सोडला. ब्रश निसटला. आणि तो जमिनीला लागायच्या आत तिने खालून पकडला.

‘अगंबाई,’ ती म्हणाली, ‘डाग पडला असता.’

स्टुडिओत तर हाल विचारू नका. गुंडाळलेली प्लेट फळीवर, आणि मास्तर फळीच्या दिशेने गेले की मावशीला उचकी लागायची. मास्तर थांबायचे, वळायचे, उचकी थांबायची. तिच्या हाताखालून निघणारी प्रत्येक प्रत ढगाळ. ‘हाताला काय झालं?’ मास्तरांनी विचारलं. ‘हवा,’ ती म्हणाली. दिवसातून कितीदा तरी ती सगळं सांगायचं ठरवून मास्तरांसमोर जाऊन उभी राहायची, तोंड उघडायची आणि म्हणायची, ‘चहा आणू?’ त्या आठवड्यात मास्तरांना इतका चहा मिळाला की शेवटी शेवटी त्यांची पेन्सिल थरथरायला लागली.

चित्रकार यायच्या दिवशी मावशी मला म्हणाली, ‘चल माझ्याबरोबर. मला चक्कर आली तर धरायला कुणीतरी हवं.’ मी गेले. तिने कुलूप ओढून बघितलं नाही. मीच परत जाऊन बघितलं.

चित्रकार वेळेवर आले. भिंतीवरचं प्रूफ नळी करून काखेत. त्यांनी चहाचा कप बशीत ठेवला तो आवाज न करता, आणि ठेवल्यावर स्वतःच्या हाताकडे बघितलं, पाहुण्याकडे बघतात तसं.

‘लेट,’ मास्तर म्हणाले.

मावशीने फळीवरून प्लेट काढली आणि कागद सोडला. मास्तरांना लगेच काही दिसलं नाही, तिने प्लेट उजेडापासून तिरकी धरली होती. शाई भरली, कापडाने पुसली. हाताला खडूची पूड लावली, ती ओली झाली, परत लावली. तळहात आभाळावरून फिरला तेव्हा मी तिच्या कोपराजवळ उभी होते. तिचा श्वास ऐकू येत होता. कागद ठेवला, ब्लँकेटं ओढली, चाक फिरवलं. मास्तर आणि चित्रकार टेबलाजवळ येऊन उभे राहिले. मावशीने कागदाची दोन टोकं धरली आणि उचलला.

कठडा सुंदर. दोरी सुंदर. शर्ट असा की वाऱ्याने आत्ता हलेल. आणि वर काहीच नाही. नुसतं काही नाही असंही नाही: जिथे जिथे घासलं होतं तिथे कागद जरा जास्तच पांढरा, फरशीचा तेवढाच भाग पुसल्यासारखा.

चित्रकारांनी काखेतली नळी सोडली आणि जुनं प्रूफ शेजारी पसरलं. त्यांनी नव्या प्रतीवर बोट ठेवलं, मग जुनीवर, मग परत नवीवर, घरी आल्यावर नेहमीची खुर्ची जागेवर दिसली नाही की माणूस चाचपतो तसं.

मास्तरांनी हात वर नेला आणि तोंडातून पेन्सिल काढली. स्टुडिओतल्या मागच्या टेबलांवरची माणसं उभी राहिली.

‘मी घासले,’ मावशी म्हणाली.

पुढे ती थांबलीच नाही. ‘मला वाटलं पुरळ आहे. मला वाटलं तुम्हाला कळलं नसेल. न विचारता केलं, मास्तर नव्हते, त्यांचा काही दोष नाही. फोन ऐकला तेव्हापासून परत करायला बघतेय, माझ्याकडून होत नाहीत. नीट होतात. काय करू, नीटच होतात.’ तिच्या हातातल्या कागदाचा फडफड आवाज येत होता. टोक तिने अजून सोडलं नव्हतं आणि हात थरथरत होता.

‘प्लेट चित्रकाराची,’ मास्तर म्हणाले. एकेक अक्षर स्वच्छ. ‘आपण छापणारे. नि—’

‘थांबा,’ चित्रकार म्हणाले.

ते मास्तरांकडे बघत नव्हते. मावशीच्या हाताकडे बघत होते.

‘हे… म्हणजे… नेहमी होतं?’

‘भीती वाटली की होतं,’ मावशी म्हणाली.

‘आणि भीती…’

‘नेहमी वाटते,’ मी म्हटलं.

चित्रकारांनी स्वतःचा हात टेबलावर पसरला. बोटं सरळ, निवांत, एकाही बोटात काही नाही. मावशीचा हात शेजारी कागदासकट वाजत होता.

‘लेप आणा,’ ते म्हणाले. ‘तुम्हीच लावा. आत्ता.’

‘साहेब, प्लेट तुमची आहे,’ मास्तर म्हणाले.

‘माझीच आहे, म्हणून सांगतोय.’

मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं ते पहिलं पूर्ण वाक्य.

मावशीने प्लेट पुसली. शर्ट, दोरी, कठडा आणि पाठची बाजू, सगळं जाड लेपाखाली झाकलं, तेवढं तिला कशाही अवस्थेत जमतं. मग आभाळ. ब्रश हातात घेतला आणि तो कुठे टेकेल हे तिला सांगता येईना. मागे मास्तर उघड्या तोंडाने उभे, शेजारी चित्रकार, दारात बाकीचे. लेप कुठे दाट बसला, कुठे नुसता ओझरता, कुठे थेंब सांडला आणि वाहिला. ती परत परत सारखा करायला जायची आणि चित्रकार म्हणायचे, ‘राहू द्या.’ ती म्हणायची, ‘अहो, पण इथे—’ ‘राहू द्या.’ मी शिकवणी दिली होती ती फुकट गेली. काकांचं काहीच कामाला आलं नाही.

लेप वाळेपर्यंत कुणी बसलं नाही. मग ॲसिडची खोली. पंखा लावला, हातमोजे घातले, प्लेट ट्रेमध्ये सरकली. थोडा वेळ काहीच नाही. मग आभाळात, एका कडेला, एक बारीक बुडबुडा. मग मधोमध. मग एकदम सगळीकडे. मावशीचा हात आपोआप पिसाकडे गेला. बुडबुडे पिसाने बाजूला करायचे असतात, म्हणजे ॲसिड सगळीकडे सारखंच खातं.

‘पीस नको,’ चित्रकार म्हणाले.

तिने हात मागे घेतला आणि पाठीशी बांधला. जे होऊ नये म्हणून ती या खोलीत इतकी वर्षं उभी होती, ते डोळ्यांसमोर होत होतं आणि तिने करायचं काय, तर बघायचं. मी तिचा दंड धरला. तो माझ्या हातात धडधडत होता.

‘कधी काढू?’ तिने विचारलं.

‘म्हणजे… तुम्हाला राहवणार नाही तेव्हा.’

‘मला आत्ताच राहवत नाहीये!’

‘मग थोडं अजून.’

तिने डोळे मिटले. उघडले. ‘अगंबाई, आता बास,’ असं जवळजवळ ओरडली आणि प्लेट बाहेर.

दुसरी प्रत तिनेच काढली. हाताला घाम होताच, पण आता ढग उठले तरी कोण बघतंय. कागद उचलला. ठिपके होते. जुन्या जागी नव्हते. काही जोडीने, काही एकटे, एक सगळ्यांपासून लांब कोपऱ्यात रुसून बसलेला. आणि एक भलताच मोठा, आभाळ सोडून खाली, शर्टाच्या कॉलरवर, जाड लेपातूनही कसा कोण जाणे शिरलेला.

चित्रकारांनी जुनं प्रूफ शेजारी धरलं. खूप वेळ बघितलं. मावशीने माझा हात इतका दाबला की माझी बोटं पांढरी झाली.

‘ते नाहीत हे,’ ते म्हणाले. ‘ते गेले.’

मावशीने मान खाली घातली.

‘हे… म्हणजे… यांना कसली तरी घाई आहे. ते निवांत होते.’ ते कॉलरवरच्या ठिपक्याकडे वळले, आणि त्यांच्या नाकातून हसण्यासारखा आवाज आला. ‘आणि याने तर… शर्टच गाठला.’ परत जुनं, परत नवं. मग त्यांनी जुनं प्रूफ नळी करून काखेत घातलं, तशी मावशीची बोटं माझ्या हातावर जरा सैल झाली. ‘चालेल. म्हणजे… जगायला लागेल मला याच्याबरोबर जरा. पण आभाळ आहे. पेन्सिल?’

मास्तरांनी हातातली पेन्सिल पुढे केली. चित्रकारांनी तिच्यावरचे दातांचे खड्डे निरखून बघितले, खालच्या कडेला ‘पास’ लिहिलं, सही केली आणि पेन्सिल स्वतःच्या खिशात टाकून निघून गेले.

मास्तर रिकाम्या तोंडाने मावशीकडे वळले. ‘बर्निशर,’ ते म्हणाले. ब सगळ्यांना ऐकू आला. मावशीने बर्निशर त्यांच्या हातात दिला. ‘हा आता माझ्याकडे राहील. मला विचारल्याशिवाय मिळणार नाही. सरावाच्या प्लेटसाठीसुद्धा नाही.’

‘बरं,’ मावशी म्हणाली. ती तशीच उभी राहिली. ‘आणि… निघू?’

‘निघू म्हणजे? या सगळ्या प्रती छापणार कोण? पास तुझ्या हातची आहे. दुसऱ्या कुणाला जमणार आहे का?’ ते चिडलेलेच होते. ‘कागद भिजव.’

भ सुद्धा स्वच्छ आला.

तेव्हापासून प्रती निघतायत. मावशी प्रत्येक प्रत पासशेजारी ठेवते आणि ठिपक्यांची हजेरी घेते. एक ठिपका कमी-जास्त दिसला की प्रत बाजूला. परवा मास्तर म्हणाले (नवी पेन्सिल आलीय), ‘अगं, तो आहे तिथे, नीट अघ.’ ती म्हणाली, ‘आहे, पण त्याचा जीव नाही त्यात.’ कोपऱ्यातला तो एकटा ठिपका शाई नीट धरत नाही, आणि त्याच्या काळजीने ती अर्धी झालीय. घरी जेवताना मध्येच थांबते. ‘आज फारच फिका आला होता. उद्या आलाच नाही तर?’

‘होईल,’ काका म्हणतात.

‘काय होईल? यायला हवा ना!’

काल मी अभ्यासाला बसले होते. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, हातात ओला रुमाल. मी गाल झाकला. पण तिने रुमाल पाठीमागे घेतला, माझी हनुवटी धरली आणि दिव्याकडे वळवली. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं.

‘अगंबाई,’ ती म्हणाली, ‘तुझा तीळ फिका झालाय का गं?’